वर दोन, ताजा बर्फ बोटभर

हा लेख लिहायला बसण्याआधी सवयीप्रमाणे यादी केली. काय काय सांगायचं याची अकरा कलमं निघाली. त्यातली सहा खोडली, कारण ती सगळी फिरून फिरून मी किती हुशार यावरच येत होती. दोन एकमेकांत मिसळली. उरलं ते असं: आधी काम समजावून सांगायचं, मग एकदोन गिऱ्हाइकं, आणि मग गेल्या फेब्रुवारीतली ती शर्यत, जिच्याबद्दल मी अजून घराबाहेर फारशी बोललेले नाही.

तर काम. मी स्कीला मेण लावते. जळगावला माहेरी हे सांगितलं की आधी सगळे गप्प होतात, मग कोणीतरी विचारतं, "म्हणजे पॉलिश?" माझी मावशी बरीच वर्षं समजत होती की मी मेणबत्त्यांच्या कारखान्यात आहे. मी तिला दुरुस्त करत नसे. जळगावच्या मे महिन्यात बसून बर्फावरची पकड समजावणं अवघडच आहे.

टीव्हीवर डोंगरावरून सुसाट खाली येणारी माणसं दिसतात, ती वेगळी. माझी गिऱ्हाइकं बर्फावरून लांब लांब जातात, चाळीस-पन्नास किलोमीटर, चढ आणि उतार दोन्ही. पायाखाली दोन मीटर लांब आणि जेमतेम तीन बोटं रुंद पट्ट्या. चढावर त्या पट्टीने बर्फ धरला पाहिजे, नाहीतर पाय मागे सरकतो. सपाटीवर आणि उतारावर तोच बर्फ सोडला पाहिजे, नाहीतर माणूस चिखलात चालल्यासारखा चालतो. भाकरी थापणाऱ्या बाईला हे लगेच समजतं. परातीत पीठ कमी पडलं तर भाकरी चिकटते, जास्त पडलं तर हाताखाली नुसती पळते. किती पीठ हवं ते हाताला कळतं, सांगता येत नाही.

स्कीला धनुष्यासारखा बाक असतो. पूर्ण वजन एका पायावर टाकलं की मधला भाग बर्फाला टेकतो आणि तिथलं मेण बर्फाचे कण पकडतं. वजन काढलं की तो भाग उचलला जातो आणि पट्टी टोकांवर घसरते. म्हणून टोकांना घसरण्याचं मेण, आणि मध्ये, पायाखालच्या हातभर जागेत, पकडीचं. पकडीच्या मेणाच्या कांड्या असतात, रंगाने ओळखायच्या. कडक थंडीला हिरवी, मग निळी, शून्याला टेकलं की जांभळी, शून्याच्या वर गेलं की लाल. त्यात बर्फाचं वय बघायचं. ताज्या बर्फाच्या कणांना टोकं असतात, ती मेणात रुततात. जुना बर्फ वितळून-गोठून साबुदाण्यासारखा गोल झालेला असतो. त्याला कांडी चालत नाही, नळीतला एक चिकट प्रकार लागतो. फणसाचा चीक हाताला लागलेला ज्यांना माहीत आहे त्यांना अधिक सांगायला नको.

हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्यात नसतं ते एवढंच, की लांबची शर्यत सकाळी एका बर्फावर सुरू होते आणि दुपारी दुसऱ्याच बर्फावर संपते. मेण मात्र एकदाच लावायचं असतं. म्हणजे सकाळी सात वाजता उभं राहून दुपारी बाराचा, आणि दहा किलोमीटर पलीकडचा, बर्फ ओळखायचा. माझं खरं काम ते.

मी रसायनशास्त्र शिकले, लग्न करून हेमंतबरोबर इकडे जर्मनीत आले. हेमंत, माझा नवरा, हेर्त्सोगेनआउराखला एका मोठ्या कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर आहे. माझ्या पदवीकडे आणि तेव्हाच्या माझ्या जर्मनकडे बघून सगळ्यांनी विनम्र नकार दिले. शेवटी एका खेळसामानाच्या दुकानात मागच्या वर्कशॉपमध्ये जागा मिळाली. तिथल्या उस्तादाचं नाव डीटर. त्याने पहिल्या दिवशी मला दोन कांड्या हातात दिल्या आणि विचारलं, यात फरक काय. मी म्हटलं, वितळणबिंदू. तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. इथे सगळे रंग सांगतात." त्यानंतर त्याने मला बारा वर्षं शिकवलं.

डीटरचे नियम बरेच होते, पण एक तो दर शर्यतीच्या सकाळी सांगायचा. स्की हातात देताना गिऱ्हाइकाला शंका दाखवायची नाही. मेण चुकलं असेल तरी नाही. स्कीवर विश्वास नसलेला माणूस बरोबर मेणावरही घसरतो, आणि विश्वास असलेला चुकीच्या मेणावरही निम्मी वाट काढतो. अंगठा वर करायचा, "पास्ट" म्हणायचं, म्हणजे बरोबर बसलंय, आणि पाठवून द्यायचं. डीटर निवृत्त झाल्यावर वर्कशॉप माझ्याकडे आलं, आणि हा नियमही आला.

माझा स्वतःचा एकच नियम, वही. दोनशे पानी वह्या मी दर उन्हाळ्यात जळगावहून आणते आणि पट्टीने रकाने आखते. तारीख, जागा, हवेचं तापमान, बर्फाचं तापमान, बर्फाचं वय, काय लावलं, काय झालं. शेवटचा रकाना 'काय चुकलं'. वही मराठीत, कारण शर्यतीच्या सकाळी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या क्लबचे लोक असतात आणि त्यांची मान लांब असते. एकदा त्यांच्यातल्या एकाने माझ्या पानाचा फोटो काढला. मी त्याला नीट धरून दाखवलं पान. पुढच्या शर्यतीत भेटला तेव्हा म्हणाला, भाषांतराच्या ॲपने त्याला 'जांभूळ पातळ फासणे' असं काहीतरी सांगितलं होतं, आणि ते फळ बाजारात मिळालं नाही.

गिऱ्हाइकं सगळ्या प्रकारची. न्युरेम्बर्गचे एक दंतवैद्य येतात, ते स्की उलटी करून मेणाचा वास घेतात आणि मान हलवतात. वासावरून काहीही कळत नाही, पण ते समाधानाने जातात. ब्राउनश्वाइगचा एक मराठी मुलगा, गाड्यांच्या कंपनीतला इंजिनिअर, पहिल्या शर्यतीआधी मला बावीस प्रश्नांची एक्सेल फाइल पाठवून बसला. सतरावा प्रश्न होता, "ताई, खोबरेल तेल चालेल का?" मी उत्तर लिहिलं की चालेल, पण फक्त डोक्याला. त्याने शर्यत पूर्ण केली आणि मला डोक्यावर तेल चोपडलेला फोटो पाठवला.

एक पश्चात्तापाचं कलमही यादीत होतं, ते इथेच उरकते. पूर्वी फ्लोरिन असलेली पावडर वापरायचो. ओल्या बर्फावर जादू व्हायची, माणूस पुढच्याला मागे टाकत जायचा आणि येऊन मिठी मारायचा. इस्त्रीखाली तिचा धूर व्हायचा. मास्क आम्ही उशिरा घातले आणि ती मातीत, पाण्यात किती गेली याचा विचार त्याहून उशिरा केला. आता शर्यतींत तिच्यावर बंदी आहे. बंदी आली तेव्हा मी खूप कुरकुर केली होती. ती कुरकुर मागे घेते.

आता ते मोठं कलम.

फ्राउ ब्रेम, म्हणजे ब्रेमबाई, माझ्याकडे डीटरच्या काळापासून येतात. सदुसष्ट वर्षांच्या. आयुष्यभर पोस्टात पत्रं वाटली, तीही सायकलवर, चढउताराच्या गावांत. बोलणं कमी. स्की आणून टेबलावर ठेवायच्या, "तुम्हाला माहीत आहे" म्हणायच्या आणि जायच्या. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करत आलो, एकेरीवर यायचं दोघींपैकी कोणालाच सुचलं नाही.

आमच्या भागाच्या पूर्वेला फिश्टलगेबिर्गचे डोंगर आहेत. तिथे फेब्रुवारीत बेचाळीस किलोमीटरची शर्यत असते. दरीतल्या गावातून निघायचं, बारा किलोमीटर चढून डोंगराच्या माथ्यावर जायचं, तिथून वीसएक किलोमीटर माथ्यावरूनच, आणि मग खाली गावात. तिसाव्या किलोमीटरला एक फाटक आहे. दुपारी एकच्या आत ते ओलांडलं नाही तर तुम्ही बाद. या शर्यतीत एक प्रथा आहे. ज्याने ती वीस वेळा पुरी केली त्याला कायमचा नंबर मिळतो. तो नंबर मग दुसऱ्या कोणाच्या छातीवर लागत नाही, तो माणूस पुन्हा उतरला नाही तरी. फ्राउ ब्रेम यांच्या एकोणीस झाल्या होत्या. मार्चमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यानंतर लांबच्या शर्यती विसरा. म्हणजे विसावी हीच. त्यांनी हे मला तीन वाक्यांत सांगितलं, आणि चौथं नेहमीचं.

शर्यतीच्या सकाळी पाचला मी गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडलं. आमच्या क्लबच्या चौदा जोड्या. दरीत उणे एक, जुना बर्फ, वर रात्रीचा ताजा थर. प्रश्न माथ्याचा होता. तिथे माझा माणूस म्हणून हेमंत गेला होता. एकविसाव्या किलोमीटरला एक लाकडी झोपडी आहे, तिथे चहा-सूप वाटायला स्वयंसेवक लागतात. हेमंत दरवर्षी ते काम घेतो, कारण त्याला लोकांना चहा पाजायला आवडतं आणि मला तिथलं तापमान लागतं. जंगलखात्याच्या गाडीतून तो सहालाच वर पोचला. त्याच्या पाठपिशवीत मी नेहमीप्रमाणे एक छोटा डबा घातला होता. सगळ्या रंगांची एकेक कांडी, मेण घासायचं बूच, फडकं, छोटा गॅस.

क्लबचे जर्मन स्वयंसेवक मला तापमान कळवतात त्याची पद्धत मी ठरवून दिली आहे. आधी जागा, मग हवा, मग बर्फ, आणि प्रत्येक आकड्यामागे अधिक की उणे, शब्दात. कोणी विसरलं तर मी पुन्हा म्हणायला लावते. पाठीमागे यावरून माझी थट्टाही होते. हेमंतला मात्र मी ही पद्धत कधी लावली नाही. नवऱ्याशी काय फॉर्म भरल्यासारखं बोलायचं? सासूबाई आल्या की मी त्याला अहो म्हणते, तेवढीच आमच्यातली औपचारिकता. बाकी तीस वर्षांत आमची वाक्यं झिजत झिजत दोन-दोन शब्दांवर आली आहेत, आणि त्यातच आमचं भागतं.

माथ्यावर फोनची रेंज येते-जाते. सव्वासहाला त्याचा मेसेज आला:

"वर दोन. ताजा बर्फ बोटभर."

मी वाचलं: माथ्यावर दोन. इथे हिवाळ्यात उणे कोणी म्हणत नाही, ते धरूनच चालायचं असतं. दरीत उणे एक, माथा तीनशे मीटर उंच, म्हणजे उणे दोन अगदी बसतंय. मला जे अपेक्षित होतं तेच त्याने कळवलं होतं. वहीत लिहिलं: माथा, उणे दोन, ताजा. निळं मेण पातळ, चार थर, प्रत्येक थर बुचाने घासून. चौदा जोड्या, एकापाठोपाठ एक, फार छान लागलं. मला आठवतंय, मी गुणगुणत होते.

आठ वाजायच्या आत पाच जोड्या गेल्या. लवकर जाऊन सुरुवातीच्या कुंपणात स्की आडव्या टाकून जागा धरणारे काही असतात. फ्राउ ब्रेम त्यांतल्या पहिल्या.

आठ वीसला हेमंतचा फोन आला. त्याला चहाच्या टेबलाचं विचारायचं होतं.

"अगं, छपरावरून पाणी ठिबकतंय, टेबल आत घेऊ का?"

"ठिबकतंय? उणे दोनला?"

"उणे कुठून आलं? वर दोन म्हटलं ना मी."

"वर म्हणजे डोंगरावर."

"वर म्हणजे शून्याच्या वर. डोंगरावर मी आहेच की, ते वेगळं कशाला सांगू?"

मी वहीतल्या 'उणे दोन'वर काट मारली. त्यालाही कळलं असावं. मग रेंज गेली.

झालं होतं ते असं. काही सकाळी थंड हवा जड होऊन दरीत बसते आणि माथ्यावर ऊब असते. हे मला ठाऊक आहे, मी इतरांना शिकवते. माथ्यावर अधिक दोन होतं, ताजा बर्फ भिजत होता, आणि भिजत्या बर्फावर निळं मेण म्हणजे साबण. बारा किलोमीटरपर्यंत स्की चांगल्या चालणार होत्या आणि नेमक्या माथ्यावर पकड सोडणार होत्या.

शर्यत सुटायला चाळीस मिनिटं होती. टेबलावरच्या नऊ जोड्यांवर लाल चढवलं. मऊ मेण कडक मेणावर बसतं, एवढं नशीब. मग लाल कांडी घेऊन कुंपणाकडे पळाले. पाचांपैकी चौघं तरुण, पहिल्या गटातले. त्यांना कुंपणावरूनच सांगितलं की माझं चुकलंय, वर पकड मिळणार नाही, हातातल्या दांड्यांनी ढकलत जा. त्यांनी एक शिवी हासडली, एकमेकांकडे बघून हसले. दंड असे की त्यांना काही फरक पडणार नव्हता.

फ्राउ ब्रेम शेवटच्या गटात, तिथून शंभर पावलं मागे. त्या गटात त्या अगदी पुढच्या रांगेत होत्या. निळी टोपी, गुडघ्यावर पट्टा. स्की बर्फात ओल्या झालेल्या, त्यावर कांडी बसली नसती. एवढं खरं आहे. पण ते मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात डीटर होता. आता सांगून काय उपयोग, ती बाई एकोणीस शर्यतींनंतर इथे उभी आहे, तिचं मन कशाला मोडा. त्यांनी मला पाहिलं, भुवया उंचावल्या आणि विचारलं, "पास्ट?"

मी अंगठा वर केला.

यानंतरचं मी पाहिलेलं नाही. हेमंतने जे सांगितलं ते सांगते. त्याला सांगायला वेळ लागला.

बाराच्या सुमारास चहाची गर्दी ओसरली तेव्हा फ्राउ ब्रेम झोपडीपाशी आल्या, स्की हातात घेऊन, चालत. बाकावर बसल्या. हेमंतने चहा दिला, तो घेतला नाही. छातीवरचा नंबर सोडायला लागल्या. त्याच्या चार सुतळ्या असतात, बोटं गारठलेली, गाठी सुटेनात. हेमंतने विचारलं, बरं वाटत नाहीये का? त्या म्हणाल्या, गुडघा संपला. माथ्यावर आल्यापासून उजवा पाय रेटाच देत नाहीये. पाय मागे जातो. आधी वाटलं दम लागलाय, मग वाटलं वय. मग दोन्ही पाय मागे जायला लागले, तेव्हा कळलं की आता सगळंच संपलंय. गाठ सोडून द्याल का?

हेमंतचं जर्मन ऑफिसचं आहे, बाकावर रडवेली होऊन बसलेल्या बाईसाठीचं नाही. तरी त्याने सांगितलं. तो म्हणाला, हे बघा, फ्राउ ब्रेम, तुमचा गुडघा नाही. मेण चुकलंय. मी माझ्या बायकोला दोन शब्द कमी लिहिले. तुम्ही निघायच्या आधी तिला कळलं होतं.

मग नंबरच्या सुटलेल्या दोन गाठी त्यांनी पुन्हा बांधल्या आणि विचारलं, तुम्हाला मेण लावता येतं?

त्याला येत नव्हतं. त्याने आयुष्यात फक्त ती कांड्यांची पेटी उचलून दिली होती. पण झोपडीच्या मागच्या खडकावर रेंज येत होती, आणि त्याने मला फोन लावला. आमच्या लग्नाच्या आयुष्यातलं सगळ्यात नीटनेटकं संभाषण ते असेल. मी म्हटलं, स्कीच्या तळाचा मधला भाग फडक्याने पूर्ण कोरडा कर. तो म्हणाला, स्कीच्या तळाचा मधला भाग फडक्याने पूर्ण कोरडा केला. मी म्हटलं, गॅसची ज्योत लांबून फिरव, एका जागी थांबू नकोस. तो म्हणाला, ज्योत लांबून फिरवतोय, एका जागी थांबत नाहीये. लाल कांडी, टाचेपासून पुढे एक हात. बुचाने घास, गुळगुळीत होईपर्यंत. "गुळगुळीत म्हणजे कसं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, इस्त्री केलेल्या कापडासारखं. मागून फ्राउ ब्रेम यांचा आवाज आला, पुरे झालं, द्या.

त्या निघाल्या आणि, हेमंत म्हणतो, पहिल्याच चढावर पायाखालून बर्फाचा कर्र आवाज आला. पकड बसली की तो येतो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मी गाडी काढून तिसाव्या किलोमीटरच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. एकला पाच मिनिटं असताना वळणावर कोणी नव्हतं. एक वाजता तिथल्या माणसाने दोरी आडवी बांधली. मी त्याला सांगायला सुरुवात केली की चूक माझी आहे, स्पर्धकाची नाही. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला की इथून दरवर्षी कोणाची ना कोणाची चूक मागून येत असते. दोरी एक वाजता बांधायची, एवढंच त्याच्या कागदावर आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.

एक वाजून सहा मिनिटांनी निळी टोपी दिसली. चांगल्या चालीत येत होत्या. दोरी पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि त्या दोरीपाशी येऊन थांबल्या. दांड्यांवर रेलून श्वास घेतला. नंबर स्वतः सोडला, या वेळी गाठी लगेच सुटल्या, आणि त्या माणसाच्या हातात दिला.

मी म्हटलं, "फ्राउ ब्रेम, मला माफ करा. मी मेण चुकवलं आणि तुमचा नंबर घालवला."

त्यांनी दांड्या बर्फात रोवल्या. मग म्हणाल्या, "मेण चुकतं. माझ्याकडून चुकीच्या घरात पत्रं पडली आहेत." आणि हातमोजा काढून कपाळ पुसलं. "नंबरचं वाईट वाटेल, आज नाही, नंतर. पण बारापासून एकवीसपर्यंत, नऊ किलोमीटर, मी म्हातारी झाले होते. प्रत्येक पावलाला मला वाटत होतं की शरीर संपलं. तुमचं कधी चुकत नाही, म्हणून मला वाटलं माझंच चुकतंय. ते नऊ किलोमीटर तुम्ही मला वाचवू शकला असतात."

मी गाडीचं दार उघडलं. त्या म्हणाल्या, नको, जंगल सगळ्यांचं आहे, आणि दोरीखालून वाकून पलीकडे गेल्या, नंबराशिवाय. उरलेले बारा किलोमीटर त्यांनी केले. त्या पोचल्या तेव्हा शर्यत संपते तिथली कमान पाडून ट्रकमध्ये घातली होती. मी आणि हेमंत तिथे उभे होतो, आणखी कोणी नाही. हेमंतने थर्मासमधला चहा पुढे केला. तेव्हा त्यांनी घेतला.

वहीतल्या शेवटच्या रकान्यात मी त्या रात्री 'वर' असा एकच शब्द लिहिला आणि मला तो पुरेसा वाटला. दोन दिवसांनी तो अपुरा वाटायला लागला. मेसेज वाचण्यात चूक झाली ती भाषेची, आणि ती कोणाचीही होऊ शकते. आता हेमंतसुद्धा जागा, हवा, बर्फ, अधिक-उणे असं शब्दात लिहितो. कधी कधी घरातही लिहितो. परवा त्याने 'फ्रीज, आत, अधिक चार, दूध नाही' असा मेसेज केला. त्याची सोय झाली. अंगठ्याची सोय मला करता आली नाही. डीटरला फोन करून मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू बरोबर केलंस, पोरी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याशी सहमत झाले नाही.

चुकीचं मेण पायाला कळतं, पण डोक्याला ते मेण म्हणून कळत नाही. डोक्याला ते थकवा म्हणून कळतं, वय म्हणून, भ्याडपणा म्हणून. या धंद्यात इतकी वर्षं घालवून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. किती जणांना मी अंगठा दाखवून पाठवलं असेल, आणि ते दुपारी घरी जाऊन स्वतःबद्दल काय समजून बसले असतील, याची यादी करता येत नाही. मी प्रयत्न केला.

आता स्की देताना मी सांगते. इथपर्यंत खात्री आहे, तिथून पुढे नाही, पकड सुटली तर ते मेण आहे, तुम्ही नाही. काही गिऱ्हाइकांना हे आवडत नाही. तिघं-चौघं शेजारच्या गावातल्या वर्कशॉपमध्ये जायला लागले आहेत, तिथला माणूस अजून "पास्ट" म्हणतो. दंतवैद्य राहिले आहेत.

फ्राउ ब्रेम यांचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. मधला सगळा काळ त्या आल्या नाहीत, आणि मी फोन केला नाही, कारण काय बोलायचं ते सुचत नव्हतं. या हिवाळ्यात पहिला बर्फ पडल्यावर एका रविवारी सकाळी वर्कशॉपच्या दारात उभ्या राहिल्या, त्याच स्की घेऊन. डॉक्टरांनी सपाटीवर आठ किलोमीटरची परवानगी दिली होती. ओढ्याकाठची वाट, लाकडी पुलावरून पलीकडे आणि परत. बाहेर शून्य होतं, वारा फिरत होता, मला अजिबात आवडणारी सकाळ नव्हती. मी जांभळं लावलं आणि स्की त्यांच्या हातात दिल्या.

त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. विचारलं, "आज किती खात्री?"

"पुलापर्यंत आहे," मी म्हटलं. "पुलापलीकडे ऊन येतं, तिथलं मला माहीत नाही."

त्यांनी थोडा विचार केला. खिसा उघडून पुढे धरला. मी त्यात एक लाल कांडी आणि बूच टाकलं. बूच कसं धरायचं ते त्यांनी मला दोनदा दाखवायला लावलं, मग खिशाची चेन लावली आणि निघाल्या.